दोघं एकाच बाकावर

ग्रामसेवक बाई असली तरी गाव तिला भाऊसाहेबच म्हणतं. पहिल्या गावात मी ते दुरुस्त करायला गेले, तर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मग काय बहीणसाहेब म्हनू?" तेव्हापासून तो नाद सोडला. निम्मी नोकरी शहापूर तालुक्यात झाली, निम्मी मुरबाडला, आणि निवृत्त होईपर्यंत मी भाऊसाहेबच राहिले.

शहरातल्या माणसांना तलाठी आणि ग्रामसेवक यांतला फरक कळत नाही. शेताचे कागद तलाठ्याकडे, घराचे आणि माणसांचे कागद ग्रामसेवकाकडे. जन्म, मृत्यू, लग्न, घराची नोंद, नळाचं पाणी, ग्रामसभेचं इतिवृत्त, आणि माणसाला जन्मभर लागणारे तऱ्हेतऱ्हेचे दाखले. शहापूरकडे असताना एका गृहस्थांनी लेखी अर्ज दिला होता, की शेजाऱ्याच्या आंब्याची सावली आमच्या घरावर पडते, तरी ती सावली दप्तरी शेजाऱ्याच्या नावे लावावी. मी तो अर्ज आवक वहीत नोंदवून घेतला. कागद घ्यायला नाही म्हणायचं नाही, हा या नोकरीतला पहिला धडा. दुसरा धडा असा, की गावात दोन पॅनेल असतात, आणि एकाच्या घरी चहा घेतला तर त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरीही घ्यायचा, नाहीतर दोन्हीकडे ॲसिडिटी सांगायची. मला जवळजवळ तीस वर्षं ॲसिडिटी होती.

घाबरण्याचे प्रसंग पुष्कळ आले. ग्रामसभेत खुर्च्या उचलल्या गेल्या, एकदा माझ्याच टेबलावर कोयता ठेवून दाखला मागितला गेला. पण त्या एका वर्षी मी घाबरले तशी कधी घाबरले नाही. त्या वर्षी दोनदा घाबरले. एकदा डोंगराला आणि एकदा माणसांना.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं हयात आहेत. सिद्धगडाच्या बाजूच्या रांगेखालचं मुरबाड तालुक्यातलं गाव. मुख्य गाव रस्त्यालगत, आणि वर डोंगराच्या कुशीत त्याची एक वाडी. वाडीत दोन आळ्या होत्या. खालची आळी सरपंच दत्तूशेठच्या पॅनेलची, वरची आळी मधूअण्णाच्या. मधूअण्णा मागची निवडणूक थोडक्यात हरले होते. त्यांनी निकालावर तक्रार केली, ती फेटाळली गेली, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. लग्नाच्या मांडवात एक आत शिरला की दुसरा हात धुऊन निघायचा.

श्रावण अर्धा झाला होता. आठ दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती. दुपारी मी ऑफिसात बसले होते आणि वाडीतली हिरूबाई आली. पन्नाशीची बाई, बचत गटाची अध्यक्ष, चौथी शिकलेली, पण कागद दोनदा वाचल्याशिवाय सही न करणारी. तिने पदराखालून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. आत तांबडं, गढूळ पाणी होतं.

"आमच्या नळाला झऱ्याचं येतं ते पानी हाय हे. कालपासनं असंच येतंय."

मी म्हटलं, "पावडर टाकून घ्या. पावसात होतं असं."

"पावडरचं काम नाय भाऊसाहेब. आमच्या घराचं दार काल लागत होतं, आज लागत नाय. शेजारनीचंबी नाय. तुमी वर चला."

मी गेले. वरच्या आळीच्या मागे वरईचं शेत होतं आणि त्याच्या वरच्या अंगाला गवतात एक भेग पडली होती. दोन्ही टोकं धुक्यात गेलेली. हिरूबाईने सांगितलं तशी मी छत्री मिटून भेगेत घातली. छत्री मुठीपर्यंत आत गेली आणि खाली काही लागलं नाही. मी ती बाहेर काढली आणि भर पावसात पदराने पुसत उभी राहिले. काय करावं ते सुचत नव्हतं. आमच्या पायाखाली कुठेतरी पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, आणि वर जमिनीवर तर ओहोळ नव्हता.

मुरबाडला फोन लावला. तिथून सूचना आली: वाडी लगेच खाली आणा, शाळेत ठेवा, जमीन तपासणारं पथक पाऊस कमी झाला की येईल. सूचना बरोबरच होती. पण माणूस घरातून सूचनेने निघत नाही, कुणाच्या तरी शब्दाने निघतो.

दत्तूशेठ लगेच आले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. खालच्या आळीने त्यांचं ऐकलं आणि बोचकी बांधायला घेतली. वरच्या आळीत मात्र काळू नावाचा माणूस दारात आडवा उभा राहिला. हा मधूअण्णाचा बूथ सांभाळणारा, वाडीतला त्यांचा उजवा हात.

"शेठ, दिवाळीनंतर इलेक्शन हाय, ते आमाला पन कळतं. वाडी खाली करायची, जागा फार्महाउसवाल्याला द्यायची. आमी नाय हलत."

"अरे, डोंगर फाटलाय रे वर!"

"डोंगर दर वरसाला फाटतोय."

वरची आळी, म्हणजे भेगेच्या थेट खालची आळी, हलेना. मी तशीच खाली आले आणि रस्त्यावरच्या मधूअण्णाच्या खताच्या दुकानात गेले. माझ्या साडीतून पाणी गळत होतं. अण्णांनी खुर्ची पुढे केली; मी बसले नाही.

"दत्तूनं धाडलंय?"

"मी आलेय."

"उद्या मोबाईलवर फिरेल, सरपंचांनी वाडी वाचवली म्हणून. माझीच मानसं मी त्याच्या हवाली करू?"

"अण्णा, तुमचीच माणसं भेगेखाली आहेत. त्यांची खाली आहेत, ती निघाली."

अण्णांनी पावतीपुस्तक मिटलं. मग म्हणाले, "भेग तुमी सोताच्या डोळ्यांनी बघितली?"

"छत्री घातली. पूर्ण गेली."

त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि गमबूट चढवले.

वाडीच्या पायथ्याला दोघं समोरासमोर आले. हाताच्या अंतरावर उभे, आणि बोलणं मात्र माझ्यामार्फत. "भाऊसाहेब, त्यांना सांगा, ट्रॅक्टर वर चढनार नाय." "भाऊसाहेब, त्यांना सांगा, मला म्हाईत हाय." मी एकाकडे आणि दुसऱ्याकडे मान वळवत होते. तेवढ्यात वरून आवाज आला. डंपरमधून खडी ओतावी तसा, पण बराच वेळ चाललेला. तो थांबला तेव्हा दत्तूशेठचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी पाच वर्षांत पहिल्यांदा थेट हाक मारली.

"मधू, वरची आळी तू घे. जमंल तितकं लवकर."

मधूअण्णाचा शब्द चालला. माणसं निघाली. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं, पोरांच्या डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद, कोंबड्या टोपल्यांत. पण काळू अजून दारातच होता. त्याने अण्णांकडे असं बघितलं, की ते मला आजही आठवतं.

"अण्णा, तुमी पन इकले गेलात?"

अण्णांना ते लागलं. मला वाटलं, हात उगारतील. ते काळूच्या पडवीत गेले आणि भिंतीला टेकून खाली बसले. "नाय इकलो. तू निघशील तवा मी निघंन. तोवर इथंच बसतो."

घर भेगेच्या बरोबर खाली होतं. पाचेक मिनिटांत दत्तूशेठ वर आले, बघितलं, आत शिरले आणि अण्णांच्या शेजारी बसले. गावातले दोन वैरी एका फुटक्या पडवीत मांडीला मांडी लावून, आणि मी अंगणात, घरांची नोंदवही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून छातीशी धरलेली. खोटं कशाला सांगू, मला पळून जायचं होतं. अंगणातली पन्हळ भरून वाहत होती आणि ते पाणी लाल होतं. मी मनात आकडे म्हणत होते, शंभरापर्यंत म्हणायचे आणि मग जायचं. शंभर झाले की पुन्हा एकपासून.

काळूची बायको आतून आली. तिने लेकराला काखेत मारलं, शेळीचं दावं सोडलं आणि नवऱ्याकडे न बघता उतार धरला. "हे दोघं मरायला बसलेत तर खरंच असंल," एवढंच जाता जाता म्हणाली. काळू तिच्या मागे निघाला. त्याच्या मागे अण्णा आणि शेठ. दिवस मावळायच्या आत वाडी शाळेत होती.

मग डोंगर पडेना. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. शाळेच्या चार खोल्यांत सगळी वाडी, ओल्या कपड्यांचा वास, पोरांचा खोकला. माणसं म्हणू लागली, उगाच आणलं. कुणाची भांडी वर, कुणाचं भात वर. मला आता उलटी भीती वाटू लागली, की डोंगर पडलाच नाही तर? पुढच्या वेळी कोण येईल? कुणी परत वर जाऊ नये म्हणून वाटेवर राखण बसवायची होती. दोघांनी मिळून ठरवलं, की प्रत्येक पॅनेलचा एकेक माणूस जोडीने बसवायचा. एकाच बाजूचा बसला तर आपल्या माणसाला गुपचूप सोडील. इतका शहाणा निर्णय त्या ग्रामपंचायतीने पूर्वी कधी घेतल्याचं माझ्या इतिवृत्तात नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी वहीवरून हजेरी घेत होते. आवाज आधी पायांना कळला. फळ्याखालचे खडू फरशीवर पडले. सगळे बाहेर धावले, पण धुक्याने काही दिसेना, नुसती गडगड ऐकू येत होती. धुकं हललं तेव्हा हिरव्या डोंगरावर वरपासून खालपर्यंत लाल पट्टा होता. वरची आळी नव्हती. खालच्या आळीतली शेवटची तीन घरं तेवढी चिखलात तिरकी उभी होती.

 मी आत जाऊन हजेरी पहिल्या नावापासून पुन्हा घेतली. माझा आवाज फुटत नव्हता, म्हणून हिरूबाई शेजारी उभी राहून माझ्या मागोमाग नावं मोठ्याने म्हणत गेली. शेवटच्या नावाला "हाय" आलं, तेव्हा मी वही मिटली. एकही माणूस कमी नव्हता.

शेठ आणि अण्णा शाळेच्या ओट्यावर खांद्याला खांदा लावून उभे असल्याचा एक फोटो कुणीतरी काढला. तो मुरबाडपर्यंत फिरला. दोघांचे सत्कार झाले, एकाच स्टेजवर, एकाच नारळाने. आणि गणपती उठायच्या सुमारास गावात बोलणं सुरू झालं, की एवढं चांगलं जमलंय तर निवडणूक कशाला? यंदा बिनविरोध करू. सरपंचपद खुलं होतं. दत्तूशेठ सरपंच, मधूअण्णा उपसरपंच, बाकीच्या जागा वाटून. कार्यकर्ते थोडे कुरकुरले. ज्यांच्यासाठी डोकी फोडून घेतली ते आता एका ताटात जेवतात, हे त्यांना पचेना. पण गावाला ते आवडलं. खरं सांगते, मलाही आवडलं. ॲसिडिटी सुटली होती.

वाडी तेव्हा रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. नव्या घरांसाठी जागा बघायचं चाललं होतं, म्हणजे बघायचंच चाललं होतं. मी एका सकाळी पाण्याची टाकी बघायला गेले, तर बायका गोल करून बसल्या होत्या. हिरूबाईने मला बसायला पाट दिला आणि विचारलं, "सरपंचाच्या फॉर्मला कायकाय कागद लागतात?"

"कोण भरतंय?"

"मी."

मी म्हटलं, "अहो, ज्यांनी जीव वाचवला त्यांच्या विरुद्ध?"

"जीव वाचवला, त्यांचं नाव घेऊनच जेवतो आमी," ती म्हणाली. "पन इचार करा. आमच्या वाडीला नळ आला कवा? दोघं भांडत होते तवा. शाळेचा पत्रा कुनी घातला? यानं घातला म्हनून त्यानं रस्ता केला. दोघं भांडतात तवा आमचा नंबर लागतो. दोघं एक झाले, मतच द्यायचं नाय, तर आमाला कोन इचारंल? या शेडातच मरू आमी."

 इतकी वर्षं गावाची भांडणं इतिवृत्तात लिहिली, पण ती कुणाच्या कामाला येतात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

उमेदवाराला घरात शौचालय असल्याचा आणि ते वापरत असल्याचा दाखला लागतो. देणार ग्रामसेवक. हिरूबाईचं घर आणि घरामागचं शौचालय दोन्ही डोंगराखाली.

दुसऱ्या दिवशी दत्तूशेठ आणि मधूअण्णा माझ्या ऑफिसात आले. एकत्र. भिंतीलगतच्या बाकावर दोघं शेजारी शेजारी बसले. दत्तूशेठ अगदी गोड बोलले.

"भाऊसाहेब, कायद्यानं चला, एवढंच सांगायला आलोय. घर नाय, तर शौचालय कुठलं?"

मधूअण्णांनी माझ्याकडे न बघता भर घातली, "गाव एक झालंय. त्यात तुमी काडी घालू नका. तुमची रिटायरमेंट जवळ आलीय. पेन्शनच्या कागदांना चौकशी लागली, की वर्षं जातात."

तेव्हा मी घाबरले. डोंगराखालच्या अंगणात घाबरले होते त्यापेक्षा जास्त. आजवर एकाने दाबलं की मी दुसऱ्याच्या आडोशाला उभी राहायची. एकाने खुर्ची उचलली तर दुसरा हात धरायचा. तो कोयता ठेवला गेला तेव्हाही विरोधी पॅनेलचाच माणूस मध्ये पडला होता. आता माझ्या मागे भिंत सोडून काही नव्हतं. आणि ही तीच दोन माणसं होती, जी काळूच्या पडवीत मरायला बसली होती. त्यांना वाईट म्हणायलाही मन धजेना.

हिरूबाई दुपारी दाखला मागायला आली. मी म्हटलं, "उद्या या. साहेबांना विचारून सांगते." कुठल्या साहेबांना विचारायचं नव्हतं. ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुसऱ्या गावाच्या मीटिंगला गेले. नोकरीतल्या कितीतरी चुका मी विसरले, पण ते दोन दिवस विसरले नाही.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मी ऑफिस उघडायला आले तर हिरूबाई पायरीवर बसली होती, मुरबाडला जायच्या तयारीने, धुवट लुगडं नेसून. तिने तक्रार केली नाही. म्हणाली, "नसंल देता येत तर तसं लिहून द्या. काय कारन ते लिहा. मी वाचून घेईन."

कारण काय लिहिणार? मी कागद पुढे घेतला. लिहिलं: अर्जदाराचे राहते घर व त्यामागील शौचालय दरड कोसळून नष्ट झाले आहे, सदर शौचालय नष्ट होईपर्यंत नियमित वापरात होते, हे मी स्वतः पाहिले आहे, सध्या अर्जदार निवारा शेडमधील शौचालयाचा नियमित वापर करतात. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सही केली आणि शिक्का मारला. हिरूबाईने कागद दोनदा वाचला आणि जीपने मुरबाडला गेली. छाननीत अर्ज टिकला. कारण हरकत घ्यायची तर 'घर डोंगराखाली गेलं म्हणून ही बाई अपात्र' असं चारचौघांत मोठ्याने म्हणावं लागलं असतं, आणि ते म्हणायला शेठ आणि अण्णा, दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

पुढचे दिवस मी जीव मुठीत धरून काढले. वाटेत मोटारसायकल मागून आली की मी कडेला थांबायची. कुणी काही केलं नाही. पण कुणी काही करील म्हणून आपण चालायचं थांबतो, तीही शिक्षाच.

मतदानाला वाडी पहाटेच रांगेत होती. काळूही. त्याच्यासारखे दोन्ही पॅनेलचे कितीतरी दुखावलेले कार्यकर्ते चिठ्ठ्या न वाटता घरी बसले होते. मुरबाडला मतमोजणी झाली. पहिल्या फेरीनंतर हिरूबाई पुढे होती.  दत्तूशेठ उभे होते ते खाली बसले. शेवटी ते निवडून आले, पण इतक्या थोड्या फरकाने, की गुलाल उधळायला आणलेली माणसं आधी आकडा पुन्हा विचारायला गेली. सदस्यांत वाडीच्या दोन्ही जागा हिरूबाईच्या गटातल्या बायकांनी घेतल्या.

वर्षभराने माझी बदली शहापूर तालुक्यात उंबरमाळीकडे झाली. नेहमीच्या पाळीनेच झाली, पण त्या वर्षात टपालात लांब पाकीट दिसलं की चौकशीचंच असणार म्हणून मी ते सगळ्यात शेवटी फोडायची. पेन्शन वेळेवर सुरू झाली. वाडीला रस्त्यालगत पक्की घरं मिळाली, तीही, पण तिसऱ्या वर्षी.

निकालानंतरच्या आठवड्यात मी शेडवर गेले होते. बाई खचली असेल, असं वाटलं होतं. हिरूबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती.

"वाईट वाटलं," मी म्हटलं.

"कशापायी? काल सकाळी अन्ना येऊन गेले. म्हनाले, दत्तूच्या नादी लागून चूक झाली, घरांच्या जागेचं मी बघतो, पुढल्या टायमाला माझ्यासंगं ऱ्हा. दुपारी शेठ आले. म्हनाले, मधूचं काय ऐकू नका, जागेचं मीच करनार."

"मग तुम्ही कोणाला हो म्हणालात?"

"दोघांनाबी."

आम्ही दोघी हसलो. मग तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "भाऊसाहेब, हे दोघं आता परत एक व्हायचे नाय ना?"

मी बाहेर बघितलं. शेडच्या दारातून डोंगरावरचा तो लाल पट्टा दिसत होता, आणि पुढचा पावसाळा सहा महिन्यांवर होता.